चोवीस करवंट्या

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर बघून लेक म्हणते, "आये, वहीवरनं कोंबडी चालत गेली काय गो?" ही वही कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं.

तोंडानं मी कमी बोलते. चार माणसांत उभी राहिले की माझा आवाज पोटात जातो. लिहिताना तसं होत नाही, म्हणून फुटबॉलची हकीकत लिहून ठेवते.

शाळेतच खिचडी शिजवायची पद्धत नुकती सुरू झाली होती आणि आमच्या वाडीतल्या शाळेत ते काम मला मिळालं होतं. आमची वाडी कापडे गावाच्या वर डोंगरात. पोरांना कबड्डी तेवढी ठाऊक. त्या वर्षी नवीन सर आले ते कोल्हापूरकडचे. त्यांच्याकडं म्हणे गल्लीगल्लीत फुटबॉल. येताना कपड्यांची एक पिशवी आणि एक चेंडू एवढंच सामान घेऊन आले. दिवाळीनंतर पाचवी ते सातवीच्या चोवीस पोरापोरींना त्यांनी खेळायला लावलं. खेळाचा तास खिचडीच्या आधी, म्हणजे पोरं भुकेली आणि मी चुलीपाशी.

एक दिवस सर खिचडीच्या शेडच्या दाराशी आले. "ताई, तुम्हाला आकडे येतात ना? मग एक काम करा. गोल झाला की पाच गुण, चेंडू अडवला की दोन, दुसऱ्याला नीट दिला की एक. तुम्ही इथून बघायचं आणि मोजायचं. दर शनिवारी मी नंबर लावणार."

मला नाही म्हणता येत नाही. हो म्हणायलाही वेळ लागतो, पण तोवर ते निघून गेले होते.

लिहीत बसले तर खिचडी करपणार. म्हणून मी चोवीस करवंट्या जमवल्या, त्यांवर कोळशानं हजेरीतले आकडे घातले आणि ओट्यावर ओळीनं मांडल्या. घरून चहापत्तीचा डबा भरून चिंचोके आणले. गोल झाला की त्या पोराच्या करवंटीत पाच चिंचोके. एका हातात उलथणं, दुसरा हात डब्यात.

शनिवारी सर करवंट्या मोजायचे आणि पुठ्ठ्यावर पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत नंबर लिहून भिंतीला लावायचे. त्यांचं म्हणणं, आपण कुठं उभे आहोत ते पोराला कळलं की ते वर चढायला बघतं. मला हे नवीन होतं. माझा शाळेतला नंबर खालून दुसरा. मी कुठं आहे ते सांगायला पुठ्ठा लागत नव्हता, बाई मला दाराजवळ बसवायच्या.

पण पुठ्ठ्यानं फरक पडला, हे खरं. पहिल्या आठवड्यात एकही पोर गैरहजर राहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणी कुणाला चेंडू देईना. गोलाला पाच आणि देण्याला एक, एवढा हिशेब पोरांना लगेच कळला. जो तो चेंडू घेऊन एकटाच पळायचा आणि मागनं तेवीस जण शिव्या देत. मग सरांनी देण्याचे तीन केले. त्या आठवड्यात कुणी गोलच मारीना. गोलासमोर उभं राहून, तू घे, नको तू घे, लग्नाच्या पंगतीत आग्रह चालतो तसं चाललं होतं. सर डोकं धरून बसले आणि परत एकावर आले.

शिवाय आमचं पटांगण उताराचं, खालच्या अंगाला वहाळ, म्हणजे ओढा. जो खालच्या बाजूला मारणार त्याचा चेंडू आपणहून गोलात जायचा आणि पुढं वहाळात. वर मारणाऱ्याचा चेंडू अर्ध्यातून त्याच्याकडंच परत. मला दिसायचं की हे पाच चिंचोके पोराचे नाहीत, उताराचे आहेत. पण उताराची करवंटी नव्हती. आणि ओली लाकडं धुमसली की मला दहा दहा मिनिटं काहीच दिसायचं नाही. तेवढ्यात किती गोल झाले देवाला ठाऊक. मी अंदाजानं टाकायची.

बायांना मात्र तो पुठ्ठा म्हणजे बोर्डाचा निकाल. मला वाडीत कुणी हाक मारीत नव्हतं, आता पाणवठ्यावर जागा मिळू लागली. एकीनं पडवळ आणून दिलं, एकीनं सुके बोंबील. माझी चुलत जाऊ, वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी, ती तर खेळाच्या वेळेला शेडमध्येच येऊन बसायची. तिचा मुलगा सातवीत.

"बघ गो, मारला ना त्यानं?"

"जाऊबाय, तो बाहेर गेला."

"बाहेर गेला म्हणून काय झालं, मारला तर खरा. टाक पाच."

मी दोन टाकायची. मला वाद घालता येत नाही.

आता जे लिहायचं ते जरा जड आहे. माझी लेक सहावीत होती. ती खालच्या बाजूला, वहाळाच्या कडेला उभी राहायची. गवताचे भारे वाहून पाय घट्ट झालेले. चेंडू कसाही घरंगळत येवो, ती आडवी जायची आणि थांबवायची. एकेका तासाला दहा-बारा वेळा. म्हणजे वीस-चोवीस चिंचोके. पण तिच्या करवंटीकडं माझा हात गेला की वाटायचं, सगळी वाडी बघत्येय, आईच टाकते लेकीच्या करवंटीत. कुणी काही म्हणालं नव्हतं. तरी तिनं दोनदा अडवलं की मी एकाच वेळचे दोन टाकायची. जाऊ शेजारी असली की तेही नाही.

शिमगा दोन आठवड्यांवर आला तेव्हा महाडच्या एका मोठ्या शाळेनं सामन्याला बोलावलं. पोरी चालतील, म्हणाले. जीप एकच, त्यामुळं अकरा जणं जाणार, आणि शनिवारच्या पुठ्ठ्यावरचे पहिले अकरा. भाडं माणशी पंचवीस रुपये. पुठ्ठा लागला. अकरावा जाऊचा मुलगा. बारावी माझी लेक.

जाऊनं तिथंच पदराची गाठ सोडून पंचवीस रुपये सरांच्या हातात ठेवले.

घरी जाताना लेक माझ्यापुढं चालत होती. एरवी तिचं तोंड बंद नसतं. अर्ध्या वाटेत ती मागं न बघता म्हणाली, "आये, मी मनात मोजते हां रोज."

"काय मोजतेस?"

"मी किती अडवले ते."

ती चार पावलं पुढं गेली. मग म्हणाली, "तुझ्या डोळ्यात धूर जात असंल."

तिनं मला पळवाट काढून दिली होती. बारा वर्षांच्या पोरीनं. तिनं महाड तोवर एकदाच बघितलं होतं, तेही दवाखान्याला. त्या दिवशी तिनं दोनच घास खाल्ले आणि मी तेवढेही नाही.

सोमवारी मी सरांना शेडमध्ये बोलावलं आणि तपेल्याकडं तोंड करून सगळं सांगितलं. सर दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "ताई, मी आता तुमच्या सांगण्यावरून नंबर बदलला, तर लोक काय म्हणतील? तुमचीच मुलगी ती. उद्या सगळ्या आयांना बोलावतो. त्यांच्यासमोर सांगाल?"

मंगळवारी पटांगणात पंधरा-वीस बाया. मी करवंट्यांची टोपली पुढ्यात धरून उभी राहिले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं.

"मी माझ्या पोरीला कमी घातले."

"आणि हे आज आठवलं होय," जाऊ म्हणाली. "जीप ठरल्यावर."

बाया हसल्या. मी म्हटलं, "आणि तुमच्या पोराला जास्त घातले, जाऊबाय. तुम्ही शेजारी बसायचात म्हणून."

हे मी पाठ केलेलं नव्हतं. ते कसं बाहेर आलं मला आजही कळत नाही. हसणं थांबलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "बोलते की ही."

जाऊ उठलीच. "हिच्या ध्यानात नाय, हिच्या डोळ्यात धूर, आणि चोर मी? मोजा. सगळे चिंचोके मोजा, होऊन जाऊ द्या."

सरांनी मला विचारलं, डबा किती भरलेला आणला होता. मी सांगितलं, काठोकाठ, आणि अजून अर्धा शिल्लक आहे. सरांनी एकेक करवंटी डब्यात ओतायला सुरुवात केली. नऊ करवंट्यांत डबा भरला. पंधरा अजून बाकी होत्या. सरांनी त्या जमिनीवर ओतल्या, चांगला ढीग झाला, म्हणजे मी आणले होते त्याहून कितीतरी जास्त.

पटांगणाच्या कोपऱ्यात चिंचेचं झाड आहे, हे मी लिहायला विसरले. चिंचा पिकल्या होत्या. ताटल्या घ्यायला शेडमध्ये येणाऱ्या पोरांना ते झाड माझ्याआधी दिसलं होतं. सर पोरांकडं बघायला लागले तशी पोरं झाडाकडं बघायला लागली.

"कुणी कुणी टाकले रे?" सरांनी विचारलं. तीन हात वर झाले. मग आठ. मग मोजायचं सरांनी सोडून दिलं. माझी लेक हात खाली ठेवून उभी होती, एवढं मी बघितलं.

सरांनी पुठ्ठा भिंतीवरनं काढला आणि चुलीत घालायला माझ्याकडं दिला. मग त्यांनी एकेका पोराला जवळ बोलावलं; त्यानं फक्त कानात सांगायचं, आपल्यासोबत खेळायला कोण तीन जणं हवेत. बाया सारसासारख्या माना लांब करून ऐकायला बघत होत्या, काही ऐकू येत नव्हतं. सरांनी कागदावर नावांपुढं रेघा मारल्या आणि अकरा जणांची नावं वाचली. माझ्या लेकीचं दुसरं आलं. तिच्यानंतर ज्याचं नाव आलं त्या पोरानं मोठ्यानं सांगून टाकलं, "ती मागं असली की वहाळात उतरायला लागत नाय." तेवढंच कारण. पण तीन महिने मी डोळे फोडून बघत होते, ते एवढ्यात झालं.

जाऊच्या मुलाला एकच रेघ मिळाली. ती त्यानं स्वतःच दिली होती.

मला त्याचं वाईट वाटलं. तो उतारावर वर मारायचा तेव्हा खरंच चांगला मारायचा. मी सरांना तसं म्हटलंही, हळू आवाजात. सर म्हणाले, "असू दे ताई, कुठलीही पद्धत लावली तरी बारावा कुणीतरी असतोच." मला ते पटलं, पण बरं वाटलं नाही.

बुधवारी जीप गेली. संध्याकाळी लेक आली ती धुळीनं भरलेली.

"हरलो. सहा गोल खाल्ले."

"तू अडवले नाहीस?"

"आये, तिथं पटांगण सपाट. चेंडू मधीच थांबतो. आम्ही सगळी खाली उभी, तो येईल म्हणून. तो येतच नाय." आणि हसत सुटली. येताना सरांनी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं होतं. सामन्याचं पाच मिनिटं सांगितलं आणि गरम पाण्याचं जेवण होईपर्यंत.

राहिले पंचवीस रुपये. जाऊचे पैसे सरांनी जीपवाल्याला आधीच देऊन टाकले होते, म्हणजे माझी लेक जाऊच्या पैशानं महाडला गेली. सर म्हणाले मी देतो, पण मला ते बरं दिसेना. माझं मानधन चार महिने आलं नव्हतं. जाऊनं मंगळवारपासून माझ्याशी बोलणं टाकलं, आणि बोलणं टाकलंय हे सांगायला रोज दारात यायला लागली.

"मी बोलायला नाय आले. पैसे हायत का?"

मी अंडी विकून कधी दोन द्यायची, कधी तीन. ती उंबऱ्यावर बसून मोजायची, आणि बसलीच आहे तर म्हणून तिच्या सुनेचं सांगायची, म्हशीचं सांगायची. पोरगा आता पाटी घेऊन फिरतो आणि वाडीतल्या कुत्र्यांचे नंबर लावतो, असंही सांगायची. मी ऐकायची. इतकं माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

आषाढात मानधन आलं. त्या दिवशी मी तिच्या घरी गेले, आपणहून, पहिल्यांदा. बाकी राहिलेले अकरा रुपये तिच्या हातावर ठेवले. तिनं दोनदा मोजले.

"फिटले," ती म्हणाली. "पाट घे गो. चहा टाकते."