अर्ध्यावर सोडलेले स्मगलर

लिहिणं हे माझं काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिलाच. माझ्याआधी सगळे अंगठे होते. अशा माणसाने सिनेमाच्या खोल अर्थावर लिहावं, हा आगाऊपणाच आहे. तो मी एकदा करून बसलोय. झालं ते सांगतो, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी उत्तनहून कॉलेजात जात होतो. आमच्याकडच्या बायका सकाळी भाईंदरच्या बाजारात मासळी विकायच्या आणि पाट्या रिकाम्या झाल्या की पत्र्याच्या थिएटरात तीनचा खेळ बघायच्या. रविवारी मी आत्याबरोबर असायचो, कारण तिला हिंदी अर्धंच कळायचं आणि उरलेलं ती मला विचारायची, तेही मोठ्याने.

उत्तनची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटायची. सव्वापाच झाले की कंडक्टर थिएटरचं दार ढकलून अंधारात ओरडायचा, "उत्तनवाले, चला!" पडद्यावर काहीही चाललेलं असो, आमच्या दहा-पंधरा बायका पाट्या उचलून उठायच्या. मागून शिव्या यायच्या, "अरे बैठो ना, मौसी!" पण एस.टी. कुणासाठी थांबत नाही.

त्या काळात स्मगलरच्या सिनेमांची लाट होती. एक गरीब पोरगा बंदरावर हमाली करतो, शेठच्या कानाखाली एक ठेवून देतो, मग पेट्या उतरवायला लागतो. इथे आमच्या बायका फार चिडायच्या. "ओहोटीला होडी लावतोय आनि पँटीला चिखल न्हाय! याला होडीचा तांडेल कोनी केला?" तरी पोरगा मोठा व्हायचा. पांढरे कपडे, लांब गाडी, आईला बंगला. आई बंगल्यात पाऊल ठेवायची आणि कंडक्टर दार ढकलायचा.

पुढे काय होतं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. लग्नात जेवण झाल्यावर कोण थांबतं? उरलेल्या वेळात एखादं गाणं असेल, असं मी धरून चाललो होतो.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी लेख मागवले. मी धीर करून 'स्मगलरपटांचा खोल अर्थ' असा लेख लिहिला. कष्ट आणि मातृसेवा यांचं फळ बंगल्याच्या रूपाने मिळतंच, असं त्यात म्हटलं होतं. टोळी ही एक प्रकारची सहकारी सोसायटी असून तरुणांनी तिच्यापासून एकजूट शिकावी, असंही होतं. वडिलांनी तर सगळ्या बंदरावर सांगून टाकलं की आमचं नाव पुस्तकात येणार. फ्रेमवाल्यालाही विचारून आले. आता लेख छापून आला नाही तर त्यांना बंदरावर तोंड दाखवायला जागा नव्हती.

सरांनी लेख वाचला, चष्मा काढला.

"बाकी ठीक आहे. पण तो मरतो, त्याचं काय?"

"कोण, सर?"

"नायक. शेवटी गोळी लागून."

"कुठल्या सिनेमातला?"

"सगळ्याच."

मी लेखाचं शेवटचं पान उलटून बघितलं.

"तू शेवट पाहिलेला नाहीस?"

"सर, एस.टी. असते."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले की खरा अर्थ त्या पडण्यातच आहे. आठ दिवसांत दुसरा लेख आण, मग छापायचं बघू.

आत्याला सांगितलं तर ती हसली. "कायतरीच! आमी निघालो तवा तो बरा व्हता."

शेवटी ठरलं की शेवट बघायचाच. भाईंदरातच नवघरला आत्याची एक मैत्रीण होती, तिच्याकडे मुक्काम. त्या रविवारी कंडक्टरने हाक मारली, बायका उठल्या, आम्ही दोघं बसून राहिलो. कंडक्टर घाबरून आत आला.

"आत्या, बरं नाही का?"

"बरी हाय. आज शेवट बघनार."

तो दाराशी घुटमळला. "असं? मग उद्या मला पण सांगा."

पुढच्या अर्ध्या तासात पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाचा मित्र फितूर झाला, भाऊ पोलीस निघाला आणि नायकाला पायऱ्यांवर गोळ्या लागल्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो बोलतच राहिला. आत्या उभी राहिली. "अगो, ऐकत काय बसलीस? डाक्टर बोलव!" डॉक्टर आला नाही. आत्या पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि तिने मॅनेजरलाच गाठलं.

"एवढी वरसं तिकिटं काढली, ती मयताला काय?"

"मौसी, कहानी ऐसीच होती है."

"मंग आमचा कंडक्टर बरा!"

मला मात्र खरोखर वाईट वाटत होतं. इतक्या जणांना आम्ही बंगल्यात सोडून आलो होतो, आणि मागे त्यांचं हे झालं होतं. त्यांना वेळेवर "चला आता" म्हणणारं कोणी नव्हतं, एवढाच अर्थ मला लागला. पण गंभीर लेखात कंडक्टर कसा घालायचा? म्हणून मी 'उदयाच्या पोटी ऱ्हास' वगैरे लिहिलं, अवघड शब्द वाचनालयातून उतरवून आणले आणि लेख सरांकडे दिला. पहिला परत मागायचा धीर झाला नाही.

अंक निघेपर्यंत सुट्टी लागली. पेणकरपाड्याचा एक वर्गमित्र आमच्याकडे निरोप घेऊन आला, तेव्हा आम्ही बोंबील वाळत घालत होतो.

वडिलांनी हातातले बोंबील तसेच टाकले. "छापलाय?"

"छापलाय, काका."

"नाव?"

"नाव पण आहे, मोठ्या अक्षरात."

वडील ओरडत शेजाऱ्यांकडे गेले. मित्र माझ्या जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "पहिला छापलाय. दुसरा सरांनी परत दिलाय, म्हणाले असा सगळ्यांनीच लिहिलाय."

"पण पहिला तर चुकलेला होता!"

"विनोदी विभागात आहे," तो म्हणाला. "पहिलं बक्षीस."