प्रभुभोजनाचं कापड

धुण्याचं यंत्र मडमेच्या बंगल्यातून निघालं ते बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर आडवं. मिशनच्या आवारातली माणसं बघायला उभी होती. कृपाही उभी होती. गाडी आपल्या दाराशी थांबेल, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. गाडी पुढं गेली आणि शाळेच्या दयाबाईंच्या खोलीपाशी थांबली.

लढाई संपून बोटी सुरू झाल्या होत्या आणि मडम कायमची अमेरिकेला निघाली होती. तिनं जाताना वस्तू वाटल्या. कृपाला दोन चादरी मिळाल्या आणि एक निळी किटली. यंत्र दयाबाईंना मिळालं, कारण त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं आणि ते वाचता येणारी बाई पाथर्डीच्या या वाटेवर दुसरी नव्हती.

नऊ वर्षं त्या यंत्राचा दांडा कृपानं फिरवला होता. लाकडी पिंप, तळाला चार खुंट्यांची लाकडी चकती, खाली लोखंडी दातेरी चाकं. दांडा फिरवला की चकती अर्धा फेरा जायची, अर्धा फेरा परत यायची. वर दोन रबरी लाटण्या, कपडे पिळायच्या. पिंप कोरडं ठेवलं तर फळ्यांना भेगा पडतात, म्हणून तळाशी दोन तांबे पाणी कायम ठेवायचं, हे कृपाला पुस्तकातून कळलं नव्हतं. कोणत्या आवाजाला तेल हवं आणि कोणत्या आवाजाला नुसतं थांबणं, हेही तिला कळायचं. एवढं ती स्वतःच्या नवऱ्यालाही ओळखत नव्हती.

यंत्र गेलं ते गेलं. पण पुढच्या महिन्यात कापडही गेलं.

देवळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, मेजावर भाकर आणि द्राक्षरस मांडून सगळ्यांना देत. त्या मेजावरचं पांढरं कापड अकरा वर्षं कृपा धूत होती, दगडावर, हातानं. मडमेनंसुद्धा ते कधी यंत्रात घालू दिलं नव्हतं. पण दगडानं त्याची एक कड विरली होती. पाळकसाहेबांनी ती कड बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "आता यंत्र आपल्या माणसाकडं आहे. कापड दयाबाईंकडं देत जाऊ. टिकेल तरी."

कृपा म्हणाली, "बरं साहेब."

त्या दिवसापासून दयाबाईंच्या खोलीवरून जाताना तिची चाल मंद व्हायची. आत दांडा फिरत असायचा. फार जोरात फिरवते, कृपा मनात म्हणायची. आणि घरी येऊन भाकरी इतक्या जोरानं थापायची की तिचा नवरा गिदोन वर बघायचा. गिदोन शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. सरळ माणूस. लाकूड वाकडं का झालं ते त्याला कळायचं, माणसाचं विचारायची त्याला सवय नव्हती.

तिसऱ्या महिन्यात, शनिवारी दुपारी, दयाबाई दारात आल्या. ओले हात, कोपरापर्यंत फेस.

"सलाम, गिदोन मास्तर. यंत्र अडकलंय. उद्या भोजन आहे आणि कापड आतच आहे."

गिदोननं नट खोलायचे पाने आणि तेलाची डबी घेतली. कृपा न बोलावता मागून गेली.

मडमेचा साबण संपला होता. नगरला माणूस पाठवला तरी साबण मिळत नव्हता. विहिरीचं पाणी खारट, त्यात साबणाचा फेस तसाही होत नसे. इथं सगळे लोकर, रेशीम, चांगलं कापड रिठ्यानंच धुतात. दयाबाईंनीही रात्रभर रिठे भिजत घातले होते. कोपऱ्यात मडकं होतं. कृपानं त्यात पाहिलं. रिठे अख्खे होते. फोडून बिया काढलेल्या नव्हत्या, आणि पाणी न गाळताच पिंपात ओतलेलं दिसत होतं.

गिदोननं कापड बाहेर काढून कृपाच्या हातात दिलं. पिंप रिकामं केलं, आडवं करून चाकांना तेल घातलं, दाते चिंधीनं पुसले. मग उभं करून दांडा फिरवला. चकती पाव फेरा गेली. टक्. थांबली. उलटा फिरवला. टक्.

त्या एका आवाजात कृपाला सगळं कळलं. बंगल्यात दोनदा असं झालं होतं. काळी, गोटीसारखी टणक बी चकतीखालच्या फटीत जाऊन बसते. चकती उजवीकडं दाबून थोडी फिरवायची, मग सरळ वर उचलायची, की निघते. दर सोमवारी ती चकती काढून खालचा मळ धुवायची. तेव्हा मडम बंगल्यात नसायची आणि गिदोन शाळेत असायचा.

"दाते तर ठीक आहेत," गिदोन म्हणाला. "लाकूड फुगलंय. अगं, नऊ वर्षं तू फिरवलंस. असं कधी झालं हुतं?"

कापड तिच्या हातात होतं. ओलं, जड, फेसानं बुळबुळीत. अजून कोणी ते मागितलं नव्हतं.

"न्हाई," कृपा म्हणाली.

"मग दोन दिवस उन्हात ठेवावं लागेल," गिदोन दयाबाईंना म्हणाला.

दयाबाईंनी कृपाकडं पाहिलं. "कृपाबाई, आता तुम्हीच. माझ्यानं हातानं एवढं शुभ्र होणार नाही."

कृपा विहिरीवर गेली. फेस काढला, नीळ दिली, पातळ खळ दिली, दोरीवर ताणून वाळवलं. दिवस मावळायच्या आत निखारे भरलेल्या तांब्यानं इस्त्रीही झाली. विरलेली कड तिनं आत दुमडली. कापड परत आपल्या हाताखाली आलं होतं, आणि तरी तिला सारखा तो आवाज ऐकू येत होता. टक्.

रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात थांबले. "काय ते यंत्र. कापड बघा, दुधासारखं."

कृपा पायरीवर होती. तिला वाटलं, आता गप्प राहावं लागणार. पण दयाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंत्र लाकूड फुगून बंद पडलंय, साहेब. हे कृपाबाईंनी धुतलं. काल त्या नसत्या तर मेज उघडं राहिलं असतं."

"मंग त्या पिपाचं काय करनार?" राहीबाई म्हणाली. ती शेजारच्या वस्तीवरून यायची आणि तिची जीभ गावाला माहीत होती. "लोनचं घाला त्यात. आन् गिदोन मास्तर, तुमाला शाळंत पोरं इचारत्याल, आमच्या खुंट्या पन फुगल्या म्हनून."

बायका हसल्या. गिदोनही हसला, पण त्याचे कान लाल झाले. कृपाला हसू आलं नाही. अकरा वर्षांत जे कोणी बोललं नव्हतं ते दयाबाई बोलल्या होत्या. ते दयाबाईंनी का बोलावं, हेच तिला सोसेना. मान मिळाला तोही त्यांच्याच हातून.

घरी आल्यावर गिदोननं करवत काढून धार लावायला घेतली.

"काय करताय?"

"उद्या चकती कापून काढतो. नवी बसवीन. जमली तर जमली. लोकांनी लोनचं घालायचं म्हणलंय."

दुपारभर करवतीवर कानस फिरत राहिली. यंत्र दुसरीकडं गेलं ते तिनं बघितलं होतं. ते कापलेलं तिला बघवणार नव्हतं.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ती दयाबाईंच्या दारात उभी राहिली. "बाजूला व्हा," म्हणाली आणि पिंपात वाकली. चकती दाबली, फिरवली, उचलली. तळाशी बी होती. तिनं ती दयाबाईंच्या तळहातावर ठेवली.

दयाबाईंनी बी पाहिली. मग मडकं. मग कृपाला.

"शनिवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मास्तरांनी विचारलं तेव्हा?"

"व्हय. तेवाच."

बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता. दयाबाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ त्यांनी बी बोटांत फिरवली.

"ही चकती निघते, हे पुस्तकात कुठंच नाही."

"पुस्तकाला काय ठावं. नऊ वरसं मी काढतीया."

"मग मला दाखवा."

कृपा पुन्हा वाकली. तिची पाठ अशी आली की दयाबाईंना हात दिसले नाहीत. चकती बसली, निघाली.

"दिसलं नाही मला," दयाबाई म्हणाल्या. "पुन्हा दाखवा."

कृपा क्षणभर तशीच वाकून राहिली. मग बाजूला सरकली आणि हळू करून दाखवलं. तिसऱ्या खेपेला चकती दयाबाईंच्या हातून निघाली. नीट, पहिल्या झटक्यात. कृपाच्या हातांना एकदम काही काम उरलं नाही.

"कापड तुमच्याकडंच राहू दे," दयाबाई म्हणाल्या. "मी साहेबांना सांगते."

"तुमी नगा सांगू. माजं मी सांगीन त्यास्नी. बीचं बी सांगीन. आन् घरी जाऊन मालकास्नी."

तिनं दोघांनाही सांगितलं. गिदोननं करवत पोत्यात गुंडाळली आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पाळकसाहेब म्हणाले, "कापड तुम्हीच धूत जा. कड सांभाळा."

भोजनाचं कापड अजून दयाबाईंच्याच पेटीत राहायचं; पुढच्या महिन्यात शनिवारी ती ते धुवायला न्यायला त्यांच्या खोलीवर लवकर गेली. दार लोटलेलं होतं. आत यंत्र चाललं होतं, अर्धा फेरा, परत अर्धा फेरा, संथ, तेल घातल्यासारखं. दयाबाई आता जोरात फिरवत नव्हत्या. कृपानं हाक मारली नाही. ती पायरीवर बसली आणि तो एक आवाज येतोय का, ते ऐकत राहिली. आला नाही. थोड्या वेळानं दयाबाई न धुतलेल्या कापडाची घडी हातात घेऊन बाहेर आल्या, तेव्हा तिनं उठून ती घेतली आणि विहिरीकडं निघाली.