इराची चिमटी

आमच्या घरात माणसं चार आणि हात आठ. पैकी दोन हात चार वर्षं बिनकामाचे होते.

हे हात माझ्या मुलीचे, इराचे. खरं तर त्यांची सुरुवात फार चांगली होती. जन्मली तेव्हा मुठी इतक्या घट्ट, की माझी आई म्हणाली, "वरून काहीतरी घेऊन आलीय बघ!" (निघाला दुपट्याचा धागा.) पुढे मुठी उघडल्या आणि हाताला लागेल ते ती अख्ख्या पंजाने ओढू लागली. त्यात माझा चष्मा गेला. मग खुळखुळा या हातातून त्या हातात द्यायला शिकली. तो व्हिडिओ मी ऑफिसात ज्याला त्याला दाखवला. आणि एका सकाळी, रांगत रांगत ओट्यापाशी थांबून, तिने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चिमटीत उचललं.

ती मुंगी होती.

"झकास!" मी ओरडलो. तेवढ्यात मुंगी तोंडात गेली!

आईने सगळे देव आठवले, मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि मी धीर देण्यासाठी मोठमोठ्याने ओरडत राहिलो. इराला काहीच झालं नाही. झालं ते आम्हाला. त्या दिवसापासून तिच्यासमोरची प्रत्येक वस्तू आम्ही उचलू लागलो. आई चिऊचा घास, काऊचा घास करत भरवायची. बटणं मानसीकडे, बुटांचे पट्टे माझ्याकडे. केळं सोलून, पेरूच्या बिया काढून. खडू धरायची वेळ आली तेव्हा आईने तिचा हात हातात घेऊन सूर्य काढला. (सूर्य सुंदर आला. आईची चित्रकला पहिल्यापासून चांगली आहे.)

मग इरा ज्युनिअर केजीत गेली आणि डबा जसाच्या तसा परत येऊ लागला.

"भाजी आवडत नसेल," आई म्हणाली. भाजीपोळीच्या जागी इडली गेली, इडलीच्या जागी शिरा गेला. सगळं परत! पोरीचे गाल उतरले. शेवटी टीचरनी आम्हाला बोलावलं.

"इरा डबा उघडत नाही," त्या म्हणाल्या. "समोर ठेवते, हात मांडीवर घेते आणि तोंड उघडून बसते."

"म्हणजे?"

"वाट बघते हो. कोणीतरी येऊन भरवेल म्हणून. रडत नाही, काही नाही. मी दोन घास देते, पण वर्गात बाकीची मुलंही असतात ना? घरी तिला तिच्या हाताने जेवू द्या. सांडू दे. मध्ये पडू नका."

मुलुंडच्या त्या शाळेपासून आमच्या सोसायटीपर्यंत रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. (हे मानसीने नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, कारण असं आधी कधी घडलं नव्हतं.) भरल्या वर्गात आ करून बसलेली माझी मुलगी डोळ्यांपुढून हलेना. फार वाईट वाटलं.

रविवारी वरणभात केला. इराने सवयीने तोंड उघडलं. कोणीच हललं नाही.

"आजी?"

आई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. एक सुटला.

"आई, हात!" मानसी म्हणाली.

"अगं, नुसतं तूप कालवते!"

"नाही!"

इराने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. डोळे भरले. "बाबा, भूक लागली."

माझा हात आपोआप तिच्या ताटाकडे निघाला.

"समीर, खाली बस."

"पाणी आणतो," म्हणून मी आत गेलो आणि फ्रिजकडे तोंड करून उभा राहिलो. (पाणी टेबलावरच होतं.) भात गार होत होता, पोर उपाशी होती आणि हे सगळं आम्हीच करून ठेवलं होतं.

परत आलो तेव्हा इराचा हात भातात होता. आधी तिने मूठ आवळली. वरण बोटांमधून कोपरापर्यंत ओघळलं. मग बोटं हळूहळू जवळ आली, अंगठा पुढे सरकला. घास उचलला आणि फ्रॉकवर पडला. पुन्हा उचलला, नाकाला लागला. त्यानंतरचा तोंडात गेला! आईने पदर डोळ्यांना लावला. मला पदर नसल्यामुळे मी मानसीची ओढणी घेतली.

त्यानंतर घराची वाटच लागली. "मी करणार!" हा एकच मंत्र. एका बटणापायी स्कूल बस चुकायची. मटार सोलले, शेंगा ताटात आणि दाणे सोफ्याखाली. झाकणाचा सराव म्हणून मिसळणाचा डबा उघडला आणि दिवाणखान्यात हळद पसरली. पण शाळेचा डबा रिकामा येऊ लागला! मी सोसायटीत पेढे वाटले. वाटताना "लहान वयात मुलांना स्वावलंबी कसं करावं" यावर थोडं बोललोही.

आठवड्याभरात एका बाईंचा फोन आला.

"इराचे बाबा ना? आमचा विहान तिच्या शेजारी बसतो."

"हो हो, बोला ना!"

"इरा आधी स्वतः जेवते, मग त्याला भरवते. रोज! चिऊचा घास, काऊचा घास करत. चांगला आपल्या हाताने जेवायचा हो तो! आता घरी नुसता आ करून बसतो. कुठून शिकली ही हे?"

आई आणि मानसी दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

"बघा ना," मी गंभीरपणे म्हणालो, "हल्ली शाळेत काय काय शिकवतात, देव जाणे!"