गोव्याचे पॉइंट आणि घरघंटी

माझी बायको जाण्याआधी आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कूलर आणणं. तिसरा म्हणजे मेहरूणमधला आमचा शेजारी. गल्लीत कोणी काही घ्यायला निघालं की हा चप्पल घालून सोबत. दुकानात पैसे स्वतःच्या क्रेडिट कार्डाने भरायचा, आपल्याकडून रोख घ्यायचा आणि कार्डावर पॉइंट जमवायचा. त्या पॉइंटांवर घरच्यांना विमानाने गोव्याला न्यायचं, एवढाच त्याचा ध्यास. दर दोन वाक्यांमागे "म्हणजे कसं, आबा". मला तो चिकट वाटायचा.

दुकानात बायको त्याला अहिराणीत म्हणाली, "पॉइंट तुना शेतस ना, मंग कूलरबी तूच उचल." त्याने हसत उचलला.

पंधरा दिवसांत ती गेली. दवाखान्याचं बिल मोठं होतं. मी नोटा त्याच्या हातात दिल्या, म्हटलं, "काढ तुझं कार्ड." त्याने काढलं नाही. रांगेत उभा राहून नोटाच भरल्या.

"अक्काच्या बिलाचे पॉइंट नको, आबा."

परवा त्याची बायको बोलून गेली, सगळ्यांची तिकिटं निघाली, फक्त सासूबाईंच्या तिकिटाला पॉइंट कमी पडले. म्हातारी म्हणते, मी घर राखते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं दार वाजवलं. "चल, घरघंटी घ्यायचीय." घरच्या घरी दळायला बायको ती दहा वर्षं मागत होती.

"म्हणजे कसं, आबा, एकट्याला घरघंटी?"

"भाकरी आता मलाच थापायच्यात. कार्ड घे. आईला विमानात खिडकीजवळ बसव. आणि घरघंटी तूच उचल."