काकूची हक्काची झोप

देवळी गावातल्या आमच्या गल्लीत भर दुपारी दार लावून झोपणारी एकच बाई होती, सूतगिरणीत रातपाळी करणारी शेजारची काकू. कुणाच्या लग्नाच्या मांडवात भोंगा सुरू झाला की ती विस्कटलेल्या केसांनी बाहेर यायची आणि सगळ्यांदेखत वायर उपटायची. "मी झोपून राह्यली, मेली नाई," म्हणायची. बायका नाकं मुरडायच्या. तिला त्याचं काही नव्हतं.

मी गिरणीत लागले तेव्हा तुटलेला धागा जोडायला तिनेच शिकवलं. पुढे तिथे दर आठवड्याला पाळी बदलू लागली. त्यातच काकूची झोप उडाली. दार लावून ती नुसती छताकडे बघत पडून राहू लागली. भाजी निवडता निवडता रडायची. तिची नणंद म्हणाली, बाहेरचं काही असेल, बाबाकडे नेऊ. काकू म्हणाली, "बाबा माही पाळी बदलून देते काय? मंग मले डॉक्टरकडं जाऊ दे."

मला घेऊन ती वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात निघाली. एसटीत ओळखीच्या बाईने विचारलं, कुठं निघाल्या? मी 'डोळे दाखवायला' म्हणणार, तोच काकू बोलली, "मनाच्या डॉक्टरकडं. झोप येत नाई, डोक्यात वाईट येते." बाई खिडकीबाहेर बघू लागली.

काय वाईट येतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकू शांतपणे म्हणाली, "विहिरीजवळून जाताना पाय थांबते." शेजारी राहूनही मला हे माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. बाईंनी औषध सुरू केलं आणि पाळी अशी सारखी बदलून चालणार नाही, असं बजावलं.

काकूने तेच मॅनेजरला सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "असल्या गोळ्या खाणाऱ्या बाईला मशीनवर कसं ठेवू?"

"गोळी खाल्ली म्हणून तर झोपली, साहेब. जे खात नाईत त्यांले विचारा, झोपते काय ते."

मग मागून म्हातारा फिटर म्हणाला, "मलेही कितीक महिने झोप नाई." त्याच्यामागून मीही तेच सांगितलं.

मॅनेजरने काकूला मशीनवरून काढून दिवसा झाडू मारायला लावलं. तिने मान खाली घालून नाही, गाणी म्हणत झाडलं. जेवणाच्या सुटीत एकेकाजवळ बसून विचारायची, "झोप येते काय बाबू?" कित्येकांना ती स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. शेवटी आम्ही सगळेच अडून बसलो, तेव्हा कुठे पाळी महिन्याने बदलू लागली.

निवृत्तीच्या दिवशी त्याच मॅनेजरने शाल देत सांगितलं, "काकू आता ठणठणीत बऱ्या झाल्या आहेत." काकूने माईक मागून घेतला.

"बरी नाई झाली, साहेब. गोळी चालू आहे. झोप कधी येते, कधी नाई. पण बोलली म्हणून उभी आहो. तुमीबी कोणी लपवू नका."

मग ती वडनेरला लेकीकडे राहायला गेली. थोड्याच दिवसांनी शेजारच्या मशीनवरची बाई माझ्याजवळ आली. इकडेतिकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, मले झोप येत नाई. माह्यासंग चालशील काय?"