जाब विचारणारी

मला पलंगावरून उठवायच्या आधी ती ओले हात गाऊनला पुसायची आणि वर एसीकडे बघून म्हणायची, "बघ बापा, दोघी आहोत. धर." मग मला उचलायची.

"तुझा देव एसीत बसतो का गं?"

"गार जागा कोण सोडील आजी, इथल्या उन्हात?"

माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मुलाने तिला माझ्या देखभालीला ठेवली. आम्ही कतारमध्ये अल खोरला राहतो. मुलगा पहाटे कंपनीच्या बसने जायचा, सून शाळेत शिकवायची. दिवसभर आम्ही दोघीच. ती जालन्याची, ख्रिस्ती, विधवा, पन्नाशीची. शुक्रवारी इथे सगळ्यांनाच सुट्टी, तेव्हा ती दोह्याला चर्चमध्ये जायची. देवभोळी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही भोळी नव्हती. देवाला कामं सांगायची आणि झाली नाहीत तर जाब विचारायची.

तिची एकुलती एक मुलगी जालन्यात नर्सिंग शिकत होती. ती तापाने गेली. फोन आला तेव्हा ही मला अंघोळ घालत होती. माझ्या अंगावरचा साबण तिने नीट धुतला, मला टॉवेल गुंडाळला, आणि मग स्टुलावर बसली.

मुलगा तिकीट काढतो म्हणाला. ती म्हणाली, "पोचेपर्यंत माती झालेली असेल. कोणासाठी जाऊ?"

पुढे आठ दिवस ती मला मुकाट्याने उचलत होती. शुक्रवारी चर्चलाही गेली नाही. मला तिच्या देवाचं काही पडलेलं नव्हतं. पण तो सुटला तर ही बाई उभी राहायची नाही, एवढं मला दिसत होतं.

शेवटी मी म्हटलं, "बोल की त्याला. शिव्या घाल. माझ्यासमोर लाजू नकोस."

मला अर्धवट धरूनच ती ओरडली, "तुझा पोरगा तिसऱ्या दिवशी उठला! माझी का नाही?"

मग मला पलंगावर बसवून खूप रडली. बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाली, "त्याचा पोरगा क्रुसाच्या खिळ्यांवर मरत होता ना आजी, तेव्हा तोही बघतच होता. त्याला माहीत आहे कसं असतं ते."

"माहीत असून काय उपयोग?"

"पोर नाही येणार परत. पण एकटीने रडायला नको."

माझा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला. सगळे म्हणाले, दुसरा होईल. दुसरा झाला, आणि पहिल्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. ते मी तिला सांगितलं.

"नाव काय होतं?"

"मधू."

त्या शुक्रवारी ती चर्चला गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "प्रार्थनेत दोन्ही लेकरांची नावं घेतली. तुमचा हिंदू आहे हेही सांगून ठेवलं, उगाच गोंधळ नको."

मधूचं नाव निघाल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मी काठीने चालायला लागले आणि तिचं काम संपलं. ती जालन्याला परत गेली. तिचा देव मी अजून मानत नाही.

परवा जेवताना मुलाला म्हटलं, "तुला एक मोठा भाऊ होता." त्याचा घास हातातच राहिला.

म्हटलं, "जेव आधी. मग सगळं सांगते."