आईच्या बोलीचे चौकोन

मामेबहिणीने लिंक पाठवली तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. माझं काम वेबसाइट तपासण्याचं. एखादं पान वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये नीट दिसतं का ते बघायचं, बिघडलेलं, म्हणजे 'बग', कळवायचं. मामेबहीण माझ्या आईच्या माहेरगावी राहते, आलापल्लीच्या पुढे जंगलातून रस्ता जातो तिथे, आणि गावातल्याच शाळेत शिकवते. एका शिबिरात ती गोंडी लिपी शिकून आली होती. गावातली म्हातारी माणसं सांगतात त्या गोष्टी आणि शब्द त्या लिपीत लिहून तिने इंटरनेटवर एक पान केलं होतं. "ताई, पाह्य नं कसं झालं," एवढाच मेसेज होता.

मी पान उघडलं. वर गावाबद्दल मराठीत दोन ओळी होत्या, आणि खाली नुसते चौकोन. ओळीच्या ओळी, सगळे सारखे, रिकामे. मध्ये मध्ये स्वल्पविराम, पूर्णविराम तेवढे जागच्या जागी उभे होते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं तर तेच चौकोन, फक्त त्यांच्या पोटात बारीक आकडे आणि इंग्रजी अक्षरं कोंबलेली.

तिला फोन लावला.

"मले तं चौकोनच दिसून राह्यले," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना माझी मराठी आपोआप गावाकडे वळते.

"माह्या मोबाईलवर तं बराबर दिसते."

"तुह्या मोबाईलमध्ये तू फॉन्ट टाकला असशील. बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये तो कुठी हाये?"

मग तिला समजावून सांगितलं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो. गोंडीच्या अक्षरांनाही तो आता मिळाला आहे. पण क्रमांक म्हणजे अक्षराचा आकार नव्हे. आकार फॉन्टमध्ये असतो. ब्राउझर तो क्रमांक घेऊन एकेका फॉन्टकडे जातो आणि विचारतो, हे अक्षर तुझ्याकडे आहे का? कुणाकडेच नसलं की तिथे चौकोन काढतो. म्हणजे इथे काहीतरी लिहिलेलं आहे, हे त्याला कळतं. दाखवता तेवढं येत नाही.

"म्हंजे माहं लिहिणं चुकलं नाई?"

"नाई. तुहं सारं तिथीच हाये."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "बग आहे का?" मी हो म्हटलं.

खरं म्हणजे मला आईचा बटणांचा फोन आठवत होता. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा आई-बाबा आलापल्लीलाच होते. बाबा लाकडाच्या डेपोत कारकून होते, मराठी घरातले. आई गोंडांची. तिला मराठी वाचता यायचं, हळूहळू, बोट ठेवून. म्हणून मी रोज संध्याकाळी तिला मराठीत मेसेज पाठवायचे: जेवले, पाऊस आहे, ऑफिसातून निघाले. काही दिवसांनी तिने फोन केला.

"बाई, तू मले हे डब्बे काऊन पाठवतेस?"

तिच्या फोनला देवनागरी दाखवताच येत नव्हती. मी पाठवलेलं सगळं तिथे चौकोन होऊन पडत होतं. इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं तर तिला ती वाचता येत नव्हती. नवा फोन घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाली, बटणं हाताला सवयीची झाली होती तिच्या. "राहू दे डब्बे," ती म्हणाली. "डब्बे आले म्हंजे तू घरी पोचली, एवढं मले समजते." म्हणून मी पाठवत राहिले. पुढे पुढे तर मनात येईल ते लिहायचे, तिला वाचता येणार नाही हे माहीत असूनही. ती गेली तोवर तिच्याकडे तोच फोन होता.

आई घरात गोंडी बोलत नसे. डेपोच्या क्वार्टरमधल्या बायका हसायच्या, आणि पोरीला शाळेत त्रास होईल असं बाबांनाही वाटायचं. पण आठवडी बाजारात तिच्या गावच्या बायका भेटायच्या. मोहफुलं, चारोळी, बांबूच्या टोपल्या घेऊन त्या रांगेने बसलेल्या असायच्या. त्यांच्याजवळ गेली की आईचा आवाज बदलायचा. मोठा व्हायचा, वरच्या पट्टीत जायचा, मध्येच हसण्यात फुटायचा. घरी मी तिला असं हसताना फारसं ऐकलं नव्हतं. मी पिशवी धरून उभी राहायचे, आणि निघू नये असं वाटायचं. एक शब्द कळायचा नाही, तरी.

बहिणीच्या पानाची दुरुस्ती अवघड नव्हती. फॉन्टची फाईल पानासोबतच ठेवली, म्हणजे पान उघडणाऱ्याचा ब्राउझर ती आपणहून उतरवून घेतो. पुन्हा पान उघडलं. क्षणभर चौकोन दिसले आणि मग एकदम अक्षरं उमटली. गोलाई असलेली, लांब शेपटांची. मी वाचायला पुढे वाकले. लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं. संगणकाला आता सगळं दाखवता येत होतं, आणि मी होते तिथेच होते.

बहीण खूश झाली. म्हणाली, "आता आत्याचे शब्दही टाकू नं. तुले आठवत असन ते सांग."

मला फार थोडं आठवत होतं. येर म्हणजे पाणी. नार म्हणजे गाव. आणि एक अख्खं वाक्य, आई बाजारातून निघताना त्या बायकांना म्हणायची ते. अर्थ माहीत नव्हता, नुसती चाल लक्षात होती, गाण्याची असते तशी. ते मी फोनवर म्हणून दाखवलं. बहिणीने दोनदा ऐकलं.

"मले नाई उमगलं, ताई. मामाजीले ईचार." मामाजी म्हणजे माझे मामा, तिचे वडील. माझ्याशी बोलताना तीही त्यांना मामाजीच म्हणते.

मोहफुलांच्या दिवसांत मी मामांच्या गावी गेले. मामा अंगणात बाजेवर बसले होते. समोर मोहफुलं वाळत पसरलेली, त्यांचा गोड, जड वास सगळीकडे. चहा झाल्यावर मी ते वाक्य म्हटलं. त्यांनी कान पुढे केला. पुन्हा म्हटलं. त्यांनी स्वतःशी पुटपुटून पाहिलं, असं, मग जरा तसं.

"येर हाये त्याच्यात," ते म्हणाले. "पाण्याचं काही म्हणत असन. पाणी प्या, का पाण्यावर भेटू." मग मान हलवली. "बाकीचं घासून गेलं, बाई. तुह्या तोंडात राहून राहून घासलं ते."

मी एवढ्या लांबून तेवढ्यासाठीच आले होते. मामांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "ते गेलं तं गेलं. तुही माय लहानपणी कशी बोलत होती, ते मी सांगतो नं." आणि ते गोंडीत सुरू झाले. बहीण भराभर मोबाईलवर लिहीत होती, मधून मधून मला मराठीत सांगत होती. आई लहानपणी बकऱ्यांना शिव्या द्यायची. नदीवर जाताना सगळ्यांत पुढे पळायची. एकदा झाडावर चढून बसली, उतरेना, आणि खाली जमलेल्या माणसांनाच वरून ओरडून घरी जा म्हणाली. ते सांगताना मामांनी तिचा आवाज काढला. वरच्या पट्टीतला. मी उठून घरामागे गेले आणि तिथे रडून घेतलं.

आता दर रविवारी बहीण मला फोनवर लिपी शिकवते. एक ओळ वाचायला फार वेळ लागतो. मामा मागून उच्चार दुरुस्त करतात, कधी चिडतातही. गावातल्या काही जुन्या मोबाईलवर आमचं पान अजून उघडत नाही, त्यावर उपाय शोधते आहे.

मागच्या रविवारी मामांनी फोन हातात घेतला आणि गोंडीत विचारलं, जेवली का. मला कळलं. मी जेवले म्हटलं, गोंडीतच, आणि ते खूश होऊन पुढे काहीतरी लांबलचक विचारू लागले. त्यातलं मला काहीच कळलं नाही.

"पुन्हा म्हणा नं, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी सावकाश.